दुनळी: खरी आणि ठोकळ्यांची

आण्णांची पाठ गेली तेव्हा मी दुसरीत होते. मंचरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलायचं काम ते लग्नाआधीपासून करत होते. एक दिवस गोणी पाठीवर घेतली आणि तिथंच खाली बसले. उठता येईना. दोघांनी टेम्पोत घालून कळंबला घरी आणून सोडलं. पुढचे सात-आठ महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून होते आणि घर एकट्या आईच्या हातावर चाललं होतं.

घर म्हणजे एक खोली, वर पत्रा. आई अंधारातच टोमॅटोच्या तोडणीला जायची. पिकअपमध्ये वीस बाया उभ्या, कधी राजुरीच्या बाजूला, कधी त्याहून लांब. संध्याकाळी यायची तेव्हा हात हिरवे-काळे झालेले असायचे. टोमॅटोच्या पाल्याचा तो रंग साबणानं जात नाही, आणि त्या हातांची भाकरी कडू लागते. मी भाकरी कडू आहे असं एकदाच म्हणाले. आई उठली. हात पुन्हा धुऊन आली आणि दुसरी भाकरी थापली. तीही कडूच होती, पण मी गप खाल्ली.

हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं आणि मी चढले, पदवी घेतली, त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण सुरुवात कुठून झाली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मंचरच्या एका पतसंस्थेला दारावर बंदूकधारी माणूस हवा होता. बंदूक संस्थेची, लायसनही संस्थेचं. फक्त ती हाताळणाऱ्याचं नाव पोलिसांकडून त्या लायसनवर चढवून घ्यावं लागतं. आण्णांवर कधी कसली केस नव्हती, दारू नव्हती, आणि गोण्या उचलता येत नसल्या तरी स्टुलावर बसता येत होतं. तेवढ्यावर त्यांना नोकरी लागली. तुमची पाठ गेली तेच बरं झालं म्हणायचं, असं आई चेष्टेनं म्हणायची.

ती दुनळी होती. दोन नळ्या शेजारी शेजारी, मागं अक्रोडी रंगाचा लाकडी दस्ता. वरचा खटका अंगठ्यानं बाजूला सारला की बंदूक मधोमध वाकते, नळ्यांची मागची तोंडं उघडी पडतात आणि त्यात काडतुसं घालतात. परत वर केली की खट् असा आवाज होऊन मिटते. एका निवृत्त फौजदारानं आण्णांना दोन दिवस शिकवलं. त्यानं पहिलंच सांगितलं होतं की बंदूक हातात आली की आधी उघडायची, नळ्यांतून उजेड बघायचा, मगच तोंडातून शब्द काढायचा. कुणाच्या हातात द्यायची तर उघडून द्यायची, घेणाऱ्यानंही उघडीच घ्यायची.

आण्णांनी हे असं काही मनावर घेतलं की विचारू नका. सकाळी तिजोरीच्या खोलीतून बंदूक घेताना ते आणि कॅशियर दोघं नळ्यांतून खिडकीकडे बघायचे. मग आण्णा ती उघडीच, डाव्या हातावर आडवी टाकून, खातेदारांच्या मधून दारापर्यंत यायचे आणि स्टुलावर बसल्यावर काडतुसं घालून मिटायचे. इथवर ठीक होतं. पण दारात एखादं लहान पोर आलं, की ते परत उघडायचे. काडतुसं काढून खिशात, बंदूक हातावर. पोर गेलं की पुन्हा खट्. बाजाराच्या दिवशी तर दिवसभर हेच चालायचं.

मॅनेजरसाहेब वैतागायचे. एकदा मी शाळा सुटल्यावर तिथं बाकावर बसले होते, तेव्हाचं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"अहो, तुम्ही गार्ड आहात का बालवाडीच्या बाई? चोर आला तर त्याला थांब म्हणणार का, काडतूस घालतो म्हणून?"

"साहेब, मिटायला कितीसा येळ लागतोय? खट् केलं की झालं."

"आणि तेवढ्यात तो आत आला तर?"

"येऊ द्या की. आत तुमी हाय," आण्णा म्हणाले. कॅशियर काउंटरमागं खाली वाकून हसत बसला.

खंडेनवमीला साहेब त्या बंदुकीची पूजा करायचे. झेंडूचा हार, हळद-कुंकू, नारळ. आमच्या घरी ही पूजा नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पांढरे कपडे घालून विहारात जातो. पण आण्णा तिथं हात मागं बांधून नीट उभे राहायचे. पूजा झाली, साहेब आत गेले, की तेलाची बाटली आणि चिंधी काढायची. खटक्याच्या फटीत गेलेली हळद काडीनं कोरून काढायची. "वलाव्यानं गंज धरतोय," म्हणायचे. "पूजा त्यांची, गंज माझा." साहेबांच्या तोंडावर हे कधी बोलले नाहीत. माझ्याशी बोलायचे.

मला त्या बंदुकीचा तेव्हा अभिमान होता. वर्गात कुणाच्या बापाकडे बंदूक होती? पण सातवीत तो अभिमान उतरला.

आमच्याकडे बिबट्या ही काही बातमी नाही. ऊस आहे म्हणजे बिबट्या आहे. त्या वर्षी वस्तीमागच्या उसातून त्यानं दिवेलागणीला एक शेळी ओढून नेली. दहा-बारा माणसं थेट आमच्या दारात आली. पुढं शेळीचा मालक.

"आण्णा, काढा ती दुनळी."

"ती तिजोरीत हाय. किल्ली साहेबाकडं."

"मग साहेबाला फोन लावा की."

"आरं, लायसन पतसंस्थेच्या दारापुरतं हाय, उसापुरतं न्हाई. वनखात्याला फोन लावलाय. पिंजरा घेऊन येत्यात."

"पिंजरा येईस्तवर माझ्या दोन शेळ्या ऱ्हात्यात का?" मालक म्हणाला. मग मागून कुणीतरी हाक दिली, "काय राव आण्णा, मग रोज लाकूडच सांभाळायला जाता व्हय?" सगळे हसले. शेळीचा मालकही हसला. आण्णासुद्धा थोडं हसले, ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी लाकूडवाल्याची पोरगी झाले. पिंजरा आला, चार दिवस उसाच्या कडेला राहिला, बिबट्या त्याच्याकडे फिरकलाही नाही. मी आण्णांना विचारलं, "तुम्ही एकदा तरी उडवलीये का कुणावर?"

"न्हाई."

"मग उपयोग काय?"

ते म्हणाले, "मला ती उडवायला ठेवलेलंच न्हाई. दारावर हाय एवढं दिसावं म्हणून ठेवलंय." मला ते उत्तर तेव्हा पळपुटं वाटलं होतं. खरं सांगते, बरीच वर्षं वाटलं.

मंचरच्याच कॉलेजात मी बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं. घरात कॉम्प्युटर नव्हता. लॅबमधल्या सरांनी शनिवारी दुपारी बसायची परवानगी दिली होती. तिथं मला एक फुकटचं सॉफ्टवेअर सापडलं, ज्यात वस्तू तिन्ही बाजूंनी घडवता येतात. मी पहिल्यांदा आमची पत्र्याची पेटी घडवली. मग चूल. मग एसटी. तीन वर्षांत ते सगळं एका फोल्डरमध्ये साठत गेलं, आणि निकाल लागल्यावर त्याच फोल्डरच्या जोरावर पुण्यात एका छोट्या गेम कंपनीत मला घेतलं. सहा महिने ट्रायल, नंतर बघू. नातेवाइकांत लगेच चर्चा सुरू झाली: "एवढं शिकवलं आन् पोरगी पुण्याला गेम खेळती." आई त्यांना म्हणायची, "खेळत न्हाई, बनवती." त्यांना फरक कळायचा नाही. आईलाही नीट कळत होता असं नाही, पण ती ठामपणे सांगायची.

त्याच सुमारास पतसंस्थेनं कॅमेरे बसवले. मार्चनंतर दारावर बंदूकधारी माणूस नको, असं ठरलं. आण्णांना दुसरं काम जमण्यासारखं नव्हतं, आणि आईचे गुडघे आता पिकअपमध्ये चढू देत नव्हते. माझी ट्रायलही मार्चअखेर संपणार होती. म्हणजे मार्च आला की घरात एकतर माझा पगार असणार होता, नाहीतर कुणाचाच नसणार होता. हे आम्ही तिघं एकमेकांशी कधी बोललो नाही, पण तिघांनाही माहीत होतं.

आमचा गेम ठोकळ्यांचा. माणसं ठोकळ्यांची, झाडं ठोकळ्यांची, ढगसुद्धा चौकोनी. दोन टीम एकमेकांवर गोळ्या झाडतात. ज्याला गोळी लागते तो वीस-पंचवीस ठोकळ्यांत विखुरतो आणि पाच सेकंदांनी परत उभा राहतो. रक्त नाही, किंचाळी नाही. बंदुका खऱ्या बंदुकांवरून बेतलेल्या, पण खरं नाव वापरायचं नाही आणि हुबेहूब आकारही काढायचा नाही, हा कंपनीचा नियम. शिवाय ठोकळ्यांत गोल नळी करताच येत नाही. ती चौकोनीच होते.

पहिल्या आठवड्यात आमच्या टीम लीडनं विचारलं, "खरी बंदूक कोणी हातात घेऊन पाहिली आहे का?" लीड नागपूरचा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. खोलीत आम्ही नऊ जण होतो. रायफली बनवणारा मुलगा तर बंदुकांबद्दल इतकं बोलायचा की मला तो सैन्यातून आलाय असं वाटायचं. पण हात एकटा माझा वर गेला. बाकीच्यांनी बंदुका पाहिल्या होत्या त्या दुसऱ्यांच्या गेममध्ये, आणि त्या दुसऱ्यांनीही कदाचित तिसऱ्यांच्या गेममध्येच पाहिल्या असतील. जवळून मारायची शॉटगन माझ्याकडे आली. लीड म्हणाला, "ही तुझी. मार्चच्या बिल्डमध्ये गेली पाहिजे." बिल्ड म्हणजे खेळायला देण्याजोगी गेमची तयार आवृत्ती. तीत नाही गेली तर काय, हे त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मी काय चूक केली ती आता सांगते. आमच्यासारख्या घरातल्या माणसाला एखादी गोष्ट खरोखर माहीत असली की तो तीच धरून बसतो. बाकी इंग्रजी, सिनेमे, गेम यांत आपण मागं असतो, मग जे एक आपलं आहे त्यात कुणी खोट काढू नये असं वाटतं. पुढच्याच आठवड्यात मी सुट्टी टाकून मंचरला गेले. सकाळी बंदूक तिजोरीतून निघते त्या वेळी आईची शिवणाची टेप घेऊन हजर. साहेब म्हणाले, "फोटो काढायचा नाही." मग आण्णांनी बंदूक उघडी धरली आणि मी इंच न् इंच वहीत लिहून घेतला. नळी किती, दस्ता किती, खटका किती. कॅशियर विचारत होता, "काय, ब्लाऊज शिवताय का तिला?"

पुण्याला येऊन मी ती दुनळी तंतोतंत ठोकळ्यांत उतरवली. शक्य तितके बारीक ठोकळे घेतले. लाकडाच्या रेषासुद्धा काढल्या. मला वाटलं, आता सगळे बघतच राहणार.

लीडनं ती ठोकळ्यांच्या माणसाच्या हातात दिली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मोबाइलवर बघितली. "काहून एवढं बारीक केलं बापा? इथून तर अगरबत्ती दिसते." रायफलीवाल्या मुलानंही मान वळवून पाहिलं. "मोजमाप एकदम खरं आहे," मी म्हणाले. "असेल," लीड म्हणाला. "पण समोरच्याच्या हातात काय आहे, हे खेळणाऱ्याला लांबून एका नजरेत ओळखू आलं पाहिजे. त्याला मोजायला वेळ नसतो."

मी चिडले. खरी बंदूक ज्यानं आयुष्यात पाहिली नाही तो मला चूक ठरवतोय, असं मनात आलं. तरीही दुसरी केली. जाड, आखूड, दोन मोठे चौकोन शेजारी शेजारी. ती त्यानं पाहिली आणि म्हणाला की आता ती रायफलीसारखीच दिसते. जाड केली की सगळ्याच सारख्या दिसतात. तोवर फेब्रुवारी निम्मा संपला होता.

त्या रविवारी मी कळंबला गेले. जेवणं झाल्यावर आण्णांना मोबाइलवर गेम दाखवला. चष्मा लावून त्यांनी मोबाइल हातभर लांब धरला.

"ह्यो कोण?"

"हे तुम्ही."

"नाक कुठंय मला?"

"नाक नसतं, आण्णा. सगळे ठोकळेच."

"बरं हाय. सर्दी न्हाई व्हायची."

मी त्यांच्या हातात माझी जाड दुनळी दिली. चालायचं कसं, वळायचं कसं, ते शिकवलं. समोरून आमच्याच टीमचा एक जण आला. आण्णांनी बोट उचललं आणि थांबले.

"ह्याच्याकडं नळी झाली की. खाली कशी घ्यायची?"

"खाली नाही घेता येत. ती समोरच असते."

"कायम?"

"हो. पण आपल्या माणसाला गोळी लागतच नाही. तशी सोय आहे."

"आन् उघडायची कुठनं?"

"काडतूस भरताना आपोआप उघडते. एरवी नाही."

त्यांनी मोबाइल माझ्याकडे परत दिला. "मग ही बंदूक न्हाई. पिचकारी हाय."

"अहो, खेळ आहे तो!"

"खेळ आसू दे. आपल्या माणसाकडं नळी करून कुणी हिंडतंय व्हय? आन् ती मेलेली माणसं?"

"पाच सेकंदांनी उठतात."

"ते मातर ब्येस केलंय," ते म्हणाले आणि पाठ टेकून बसले.

मला रडू यायला झालं होतं. लीड म्हणतो खरी आहे म्हणून चालत नाही, आण्णा म्हणतात खरी नाही म्हणून चालत नाही. दाराशी मेथी निवडत बसलेली आई तेवढ्यात म्हणाली, "ह्यांचं काय ऐकतीस? ह्यांच्या असल्या रीतीपायी मला एक फायदा झाला बाकी. बाजाराच्या दिवशी डबा घेऊन जायचे, तर पतसंस्थेच्या दारात ही गर्दी. सगळे टोपीवालेच. पण तुझा बाप लांबूनच सापडायचा. दांडीवर पातळ वाळत घातलेलं असावं तशी हातावर बंदूक. निम्मी ह्या अंगाला, निम्मी त्या अंगाला."

"आता पातळच म्हण तिला," आण्णा म्हणाले.

"मग काय म्हणू? बंदूक धरलेला माणूस दुसऱ्या कुणाचा बी असंल. वाळत घातलेला आमचाच."

मी मेथीच्या कागदावरच पेनानं काढायला बसले. आमच्या गेममधली प्रत्येक बंदूक म्हणजे माणसाच्या हातातून पुढं आलेली एक आडवी रेघ. जाड, बारीक, लांब, आखूड, पण रेघच. आई सांगत होती तो आकार रेघ नव्हता. हातावरून दोन्हीकडे खाली उतरणारी घडी होती. असा आकार आमच्या खेळात एकाही बंदुकीचा नव्हता. मी दस्त्याच्या रेषा मोजत बसले होते, आणि जे लांबून दिसत होतं ते मला लहानपणापासून रोज दिसूनही दिसलं नव्हतं.

सोमवारी लीडला कागद दाखवला. चालताना, उभं असताना बंदूक उघडी, डाव्या हातावर. नेम धरला की खट् करून मिटते आणि मगच उडते. आपल्या टीमचा माणूस समोर आला की परत आपोआप उघडते.

"काहून? खेळणारा मारायला येतो बापा. बंदूक उघडून फिरायला थोडीच येतो?"

इतके महिने मी मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय बोलत नव्हते. मराठीतसुद्धा नाही. त्या दिवशी बोलले. म्हटलं, मिटायला अर्धा सेकंद लागेल, म्हणून ही बंदूक जवळून सगळ्यांत जोरात मारली तरी ती घेऊन कुणी आंधळेपणानं पळणार नाही. थांबावं लागेल, आधी ठरवावं लागेल. आणि लांबून ती कुणालाही ओळखू येईल. माझे वडील तेरा वर्षं तिला अशीच धरतात आणि गर्दीतून ओळखू येतात. रायफलीवाला मुलगा म्हणाला, "काका चोवीस तास ती उघडीच ठेवतात?" मी म्हटलं, "नाही. पोरं समोर आली की." त्या संध्याकाळी ॲनिमेशन बसवायला मदत करायला माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला तो तोच.

शुक्रवारी बाहेरचे सहा जण खेळून बघायला बोलावले होते. आम्ही डोक्यांवरची नावं झाकली आणि त्यांना लांबचे खेळाडू दाखवून विचारलं की कोणाच्या हातात काय आहे. रायफलींत सगळ्यांचा गोंधळ झाला. दुनळी सहाच्या सहा जणांनी पहिल्या नजरेत सांगितली. एक जण म्हणाला, "ती ना, टॉवेल टाकल्यासारखी?" प्रत्येकाला आपल्या घरातलं काहीतरी दिसतं.

सगळंच माझ्या मनासारखं झालं असं नाही. अर्धा सेकंद उशीर होतो म्हणून एक जण आधी फार चिडला. तिसऱ्या डावात मात्र तो कोपऱ्यात दबा धरून खट् करायचा आणि स्वतःशीच हसायचा. त्याचं ते हसणं बघून मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. आपला माणूस समोर आला की आपोआप उघडणं, ते मात्र काढून टाकावं लागलं. गर्दीत बंदूक सारखी उघडमीट करत राहायची, खेळता येईना. मी भांडले, पण लीडचं बरोबर होतं. खेळात आपल्या माणसाला इजा होतच नाही, मग तिथं ती काळजी कशाला, असं खेळणाऱ्याला वाटणारच.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आण्णांची दुनळी तेरा वर्षांत कुणावर एकदाही उडाली नाही. माझी एका दुपारीत शेकडो वेळा उडते. मी जे बनवलं ते तिचं चित्र आहे का, मला खात्रीनं सांगता येत नाही. वजन, तेलाचा वास, नळ्यांतून दिसणारा खिडकीचा उजेड, यातलं काही ठोकळ्यांत आलं नाही. त्यांची भीती तर नाहीच आली. आण्णांना त्या बंदुकीची रोज भीती वाटायची, हे मला हे काम करताना कळलं. भ्याड माणसाची भीती निराळी. ही हातात दुसऱ्याचा जीव आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याची भीती होती. बिबट्याच्या वेळी मी जिला पळपुटेपणा म्हणत होते ती हीच. मी याबद्दल त्यांच्यापाशी कधी माफी मागितली नाही. आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही.

मार्चच्या बिल्डमध्ये दुनळी गेली. पुढच्या रविवारी मी मोबाइल परत आण्णांच्या हातात दिला. त्यांनी ठोकळ्यांच्या माणसाला हळूहळू चालवत एका इमारतीच्या दारापर्यंत नेलं आणि तिथं उभं केलं. बंदूक हातावर, उघडी. आजूबाजूला धडाधड गोळ्या चाललेल्या, माणसं विखुरतायत, परत उठतायत. ते जागचे हलेनात.

"आण्णा, खेळा की."

"खेळतोयच की. दारावर हाय मी."

"अहो, त्या दारात राखण्यासारखं काही नाहीये."

"तुला काय म्हाईत आत कोण हाय ते?"

तेवढ्यात समोरून शत्रूचा माणूस धावत आला. मी ओरडले, "दाबा, दाबा!" आण्णांनी खट् करून मिटली, पण उशीर झाला. ठोकळे दारभर पसरले. आईनं मान लांब करून बघितलं आणि म्हणाली, "गेलं का?" आण्णा पाच सेकंद मोबाइलकडे बघत राहिले. माणूस परत उभा राहिला तसे म्हणाले, "न्हाई गेलं," आणि त्याला पुन्हा दाराकडे चालवू लागले.

आण्णांची पतसंस्थेतली ड्यूटी एकतीस मार्चला संपली. बंदूक त्यांनी उघडून साहेबांच्या हातात दिली आणि साहेबांनी ती उघडीच घेतली, असं कॅशियरनं मला फोनवर सांगितलं. माझं कायम झाल्याचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. तेव्हापासून आमचं घर माझ्या पगारावर चालतं.